भारतीय वायुदलाची सिग्नल युनिट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायुदलाच्या इतिहासाबद्दल लिहायला लागल्यापासून मला वैमानिकांपेक्षा वायरलेसवाल्यांच्या घरून जास्त प्रश्न येतात. कुणाचे वडील रडारवर होते, कुणाचे आजोबा मोर्स (टिकटिकीच्या संकेतांतले संदेश) घ्यायचे, कुणाच्या ट्रंकेत ‘एसयू’ लिहिलेला जुना कागद सापडलेला असतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिग्नल युनिट म्हणजे काय? तिथे फक्त वायरलेस चालायचं का?

नाही. नावामुळे सगळ्यांचीच इथे फसगत होते. वायुदलात ‘सिग्नल युनिट’, बोलण्यात ‘एसयू’, या नावाखाली दोन निरनिराळी कामं चालत आली. एक काम संदेश पाठवण्याचं आणि घेण्याचं. दुसरं रडारचं: आकाशात काय चाललंय ते पाहायचं आणि आपल्या विमानांना शत्रूपर्यंत नेऊन सोडायचं. इतिहासात गाजलेली बहुतेक सिग्नल युनिट्स या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

रडारला ‘सिग्नल’ म्हणण्यामागे साधं कारण आहे. रडार आलं तेव्हा ते रेडिओचंच भावंड होतं. तेच व्हॉल्व्ह, तशाच अँटेना, तेच तंत्रज्ञ. ज्यांना वायरलेस सेट दुरुस्त करता यायचा त्यांच्याच हाती रडार सोपवलं गेलं. ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्समध्ये असंच घडलं होतं आणि आपल्या वायुदलाची मांडणी त्यांच्याच साच्यातून आलेली. म्हणून ‘बाबा सिग्नल युनिटमध्ये होते’ एवढ्यावरून ते मोर्सची चावी दाबत होते की रडारच्या पडद्यासमोर बसत होते, हे ठरत नाही. ते कसं शोधायचं याची माहिती प्रश्न १५ मध्ये आहे.

२. मग ‘कम्युनिकेशन स्क्वाड्रन’ म्हणजे हेच ना?

नाही, आणि हा गोंधळ सर्वात जास्त होतो. वायुदलाची ‘एअर हेडक्वार्टर्स कम्युनिकेशन स्क्वाड्रन’ ही विमानांची तुकडी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि इतर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींना ने-आण करण्याचं काम ती करते. स्थापना १ नोव्हेंबर १९४७ची, ठिकाण दिल्लीचं पालम. इथे ‘कम्युनिकेशन’चा अर्थ दळणवळण. एका मुख्यालयातून दुसऱ्याकडे माणसं आणि कागद नेणाऱ्या छोट्या विमानांना ब्रिटिश काळात कम्युनिकेशन फ्लाइट म्हणत, तेच नाव पुढे चालू राहिलं.

४ नोव्हेंबर १९७७ रोजी जोरहाटजवळ पंतप्रधान मोरारजी देसाई यांचं टीयू-१२४ जातीचं ‘पुष्पक’ विमान कोसळलं, ते याच स्क्वाड्रनचं. पंतप्रधान वाचले, कॉकपिटमधले पाचही कर्मचारी गेले. त्या पाच जणांचा आणि सिग्नल युनिटचा नावापलीकडे संबंध नाही. पण त्यांच्याबद्दल विचारणारी पत्रंही माझ्याकडे येतात, म्हणून इथे आवर्जून सांगितलं.

३. वायुदलात बिनतारी यंत्रणा कधीपासून आहे?

वायुदलाची कायदेशीर स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली. चार वापिटी विमानं, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही, एवढाच संसार. त्या काळी जमिनीवरून विमानाला काही कळवायचं तर कापडी पट्ट्या मांडायचे. विमानातून जमिनीवर कळवायचं तर चिठ्ठी पिशवीत घालून खाली टाकायचे. रेडिओ होता, पण भरवशाचा नव्हता.

चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धात. २० डिसेंबर १९४२ला जपानी विमानांनी कोलकात्यावर पहिल्यांदा बाँब टाकले. जानेवारी १९४३मध्ये दमदमला रॉयल एअर फोर्सची १७६ क्रमांकाची तुकडी ब्यूफायटर विमानं घेऊन उतरली आणि १५ जानेवारीच्या रात्री सार्जंट प्रिंग यांनी एकाच उड्डाणात तीन जपानी बाँबर पाडले. अंधारात, डोळ्यांना काही दिसत नसताना, जमिनीवरचं रडार आणि विमानातलं रडार या जोडीनं हे साधलं. आसाम-बंगालच्या डोंगरांत त्याच काळात वायरलेस ऑब्झर्व्हर युनिट्स बसवली गेली. टेकडीवर चार-पाच माणसं, एक सेट, आणि विमानाचा आवाज आला की संदेश. ही कल्पना पुढे कुठे उपयोगी पडली ते प्रश्न ५ मध्ये वाचा. दमदमची पुन्हा गाठ पडते ती प्रश्न ९ मध्ये.

४. १९४७ साली काश्मीरला सैन्य विमानानं गेलं. तेव्हा श्रीनगरशी संपर्क होता का?

लढाईत टिकेल असा नव्हता. २७ ऑक्टोबर १९४७ला पहिली डकोटा विमानं दिल्लीहून निघाली तेव्हा श्रीनगरचा विमानतळ अजून आपल्याच ताब्यात आहे की टोळीवाल्यांच्या, हेसुद्धा पक्कं माहीत नव्हतं. या पहिल्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंजित राय यांना सूचना होती की आधी विमानतळावर घिरट्या घालून पाहा, शंका आली तर उतरू नका, जम्मूला जा. ज्या गोष्टीची खातरजमा एका रेडिओ संदेशानं झाली असती, ती जवानांनी भरलेलं विमान वर फिरवून करावी लागली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले, तेही वाटेत मार्गदर्शनाचं एकही उपकरण नसताना. आपण त्यांच्या धाडसाचं कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण संदेशयंत्रणेच्या बाजूनं पाहिलं तर त्या धाडसाची गरज का पडली, हेही दिसतं.

५. रडार असताना सीमेवर दुर्बिणी घेऊन माणसं का बसवायची?

कारण पृथ्वी गोल आहे. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात, त्यामुळे खालून येणारं विमान क्षितिजाआड राहतं.

जमिनीवरच्या रडारला १० हजार मीटर उंचीवरचं विमान, यंत्राची ताकद पुरेशी असेल तर, सुमारे ४०० किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान १०० मीटरवर आलं की सुमारे ४० किलोमीटरपर्यंत आल्याशिवाय दिसत नाही. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. उंचावरून येणाऱ्याची खबर पंचवीस-सत्तावीस मिनिटं आधी मिळते, खालून येणाऱ्याची तीन मिनिटंही नाही. या तीन मिनिटांत पडद्यावरचा ठिपका ओळखायचा, वर कळवायचं, परवानगी घ्यायची, वैमानिकाला उठवायचं आणि विमान हवेत चढवायचं. हे अशक्य नाही, पण एकही माणूस अडखळून चालत नाही.

म्हणून सीमेजवळ फिरत्या निरीक्षण चौक्या ठेवल्या गेल्या. त्यांना ‘एमओपी’ (मोबाइल ऑब्झर्व्हेशन पोस्ट) म्हणतात. दोन-चार एअरमन, दुर्बीण आणि एक एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ सेट. विमान डोक्यावरून गेलं की किती, कोणत्या दिशेनं आणि साधारण किती उंचीवरून, एवढं सांगायचं. एचएफच का, असं काहीजण विचारतात. व्हीएचएफ (व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओला समोरासमोर नजर पोचावी लागते, तर एचएफच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. वाळवंटात एकट्या पडलेल्या चौकीला दुसरा आधार नव्हता.

या माणसांबद्दल फारच थोडं लिहिलं गेलं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. थंडीत, वाळूत, आठवडेच्या आठवडे काहीही न घडता बसायचं आणि घडलं की दहा सेकंदांत बरोबर बोलायचं, ही साधी नोकरी नाही.

६. फायटर कंट्रोलर नक्की काय करतो?

वैमानिकाला शत्रू दिसण्याआधी तो शत्रू कंट्रोलरला दिसतो. त्यानं पाहायचं आणि दुसऱ्यानं लढायचं.

जुन्या रडारचा पडदा गोल. मधून निघालेली प्रकाशाची रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. अँटेना मिनिटाला सहा फेरे घेत असेल तर एक फेरा दहा सेकंदांचा. रेघ विमानावरून गेली की एक ठिपका उजळतो आणि हळूहळू विझायला लागतो. पुढच्या फेऱ्याला तो थोडा सरकलेला असतो. ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान या दहा सेकंदांत अडीच किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि समोरासमोर येणाऱ्या दोघांतलं अंतर पाच किलोमीटरनं घटतं. म्हणजे कंट्रोलरला दिसतं ते आत्ताचं आकाश नसतं, काही सेकंदांपूर्वीचं असतं. तो काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं खुणा करतो, मनात वेग मोजतो आणि विमान आता जिथे असेल त्या जागेचा अंदाज बांधून बोलतो.

शेजारच्या खोलीत पारदर्शक पर्स्पेक्सचा उभा नकाशा असायचा. अधिकारी पुढून पाहायचे आणि एअरमन मागे उभे राहून लिहायचे, त्यामुळे अक्षरं आणि आकडे उलटे काढावे लागायचे. एका निवृत्त एअरमननं मला टेबलावर बोटानं एक ते नऊ आकडे असे उलटे काढून दाखवले. चहा तसाच पडला होता आणि बोट कुठे थांबत नव्हतं. मी विचारलं, किती वर्षं झाली? ते म्हणाले, हाताला विचारा.

७. रेडिओवर ‘एंजल्स’, ‘बोगी’, ‘रॉजर’ असले शब्द का वापरतात?

खरखरीतही ऐकू यावेत आणि एका शब्दात वाक्य संपावं म्हणून. ‘एंजल्स’ म्हणजे हजार फुटांत उंची, ‘एंजल्स वीस’ म्हणजे वीस हजार फूट. ‘व्हेक्टर’ म्हणजे या दिशेला वळा. ‘बोगी’ म्हणजे ओळख न पटलेलं विमान. तेच शत्रूचं निघालं की ‘बँडिट’. ‘टॅली हो’ म्हणजे मला दिसला, आणि त्यानंतर कंट्रोलरनं शक्यतो गप्प राहायचं. ‘पॅनकेक’ म्हणजे उतरा.

‘रॉजर’ हा जुन्या उच्चार-वर्णमालेतला आर अक्षराचा शब्द, संदेश मिळाला या अर्थानं. १९५६मध्ये नवी वर्णमाला आली आणि आर अक्षराला ‘रोमिओ’ हा शब्द मिळाला, पण ‘रॉजर’ लोकांच्या तोंडातून गेला नाही.

८. १९६५मध्ये पाकिस्ताननं अमृतसरचं रडार उद्ध्वस्त केलं, हे खरं का?

अमृतसरला २३० क्रमांकाचं सिग्नल युनिट होतं, रेडिओवरचं नाव ‘फिश ऑइल’. ३ सप्टेंबर १९६५ला छांब भागात जी पहिली हवाई झुंज झाली, तिथे याच युनिटवरून कृष्ण दंडपाणी सूचना देत होते. त्या दिवशी आपली मिस्टीअर विमानं वर आमिष म्हणून उडवली होती आणि नॅट विमानं जमिनीलगत येऊन ऐनवेळी वर चढली. नॅट आधी दिसली असती तर डाव फसला असता, त्यामुळे त्यांना कधी वर चढवायचं हे ठरवण्यात रडारवरच्या माणसाचा मोठा वाटा होता. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना या झुंजीसाठी वीरचक्र मिळालं. त्यांनी टिपलेलं पाकिस्तानी साबर विमान पडलं असं आपण धरतो. पाकिस्तानी कथनात ते जखमी होऊन परतलं.

रडारचा त्रास होतो म्हटल्यावर पाकिस्ताननं ते शोधून मारण्याचा वारंवार प्रयत्न केला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात त्यांचे स्क्वाड्रन लीडर मुनीरउद्दीन अहमद विमानवेधी तोफांच्या माऱ्यात मारले गेले. त्यांच्या कथनानुसार त्या दिवशी रडार बंद पडलं. भारतीय कथनानुसार युनिट पुढेही काम करत राहिलं.

मला स्वतःला दोन्ही विधानं वाटतात तितकी परस्परविरोधी वाटत नाहीत. रडार केंद्र म्हणजे एकच तबकडी नव्हे. अँटेना, जनरेटर, केबल, रेडिओचे ट्रक असं सगळं पसरलेलं असतं. त्यातलं काही बिघडतं, रात्रीतून दुरुस्त होतं. शिवाय हल्ला येतोय म्हटल्यावर प्रक्षेपण बंदही ठेवता येतं, आणि पलीकडून ऐकणाऱ्याला गप्प बसलेलं रडार मेलेल्यासारखंच वाटतं. मात्र ‘केंद्र कायमचं नष्ट झालं’ हे टिकत नाही.

९. बोयराच्या झुंजीत सिग्नल युनिटचा वाटा किती?

माझ्या मते निम्मा. कसा, ते वेळ पाहिली की कळतं.

२२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयराजवळ भारतीय सैन्य आणि मुक्तिबाहिनीवर पाकिस्तानी साबर विमानं हल्ले करत होती. सकाळी ८:११ला साबर रडारवर दिसली. दमदमहून नॅट उडाली, पण पोचेपर्यंत साबर परत गेली होती. १०:२८ला पुन्हा तेच. दोनदा हात हलवत परत. अशा वेळी रडारच्या खोलीत काय वाटत असेल याची कल्पना करा. ठिपका आपल्याला दिसतोय, आपण वेळेत सांगितलंय, तरी हाती काही नाही.

दुपारी २:४८ला ठिपके तिसऱ्यांदा आले. २:५१पर्यंत २२ स्क्वाड्रनची चार नॅट हवेत होती: रॉय मॅसी, सोरेस, गणपती आणि डॉन लाझारस. त्यांचं नाव ‘कॉकटेल’. कंट्रोलर होते फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची. त्यांना साबर बाँबफेकीसाठी वर चढताना आणि खाली सूर मारताना दिसत होती. सूर मारला की ती पडद्यावरून नाहीशी होत आणि वर चढली की पुन्हा दिसत. या लपंडावात नॅटना खालून आणून, सूर्य आणि दिशा सांभाळून, साबरच्या मागे सोडायचं होतं. बागचींनी ते केलं. मग वैमानिकांनी शत्रू डोळ्यांनी पाहिला आणि पुढची लढाई त्यांची झाली. गणपतींनी रेडिओवर तीनदा ‘मर्डर’ असं ओरडून सांगितलं. शत्रूचं विमान पाडलं, याचा तो संकेतशब्द होता.

तीन साबरना गोळ्या लागल्या. दोन वैमानिक पॅराशूटनं उतरून पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे १९९७मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. मॅसी, गणपती आणि लाझारस यांना वीरचक्र मिळालं, बागचींना वायुसेना पदक. कंट्रोलरचं नाव पदकाच्या यादीत येणं तेव्हा फार दुर्मीळ होतं. हे उदाहरण मी परतपरत देतो ते त्यासाठीच.

१०. १९६५ला एक नॅट चक्क पाकिस्तानात उतरलं. ही रेडिओची चूक होती का?

स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद ३ सप्टेंबरच्या त्याच झुंजीत (प्रश्न ८) सोबत्यांपासून तुटले आणि पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. भारतीय बाजूच्या कथनानुसार त्यांच्या विमानातली विजेवरची यंत्रणा आणि रेडिओ बंद पडला होता, इंधन संपत आलं होतं आणि समोरची धावपट्टी त्यांना आपलीच वाटली. ते नॅट आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. पंजाबात सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची शेतं वरून सारखीच दिसतात. खालून सांगणारा आवाज तुटला की हा फरक कसा कळणार?

११. लोंगेवालाच्या लढाईत कोणतं रडार युनिट होतं?

५ डिसेंबर १९७१ला जैसलमेरहून गेलेल्या हंटर विमानांना पाकिस्तानी रणगाड्यांपर्यंत नेलं ते रडारनं नव्हे, मेजर आत्मा सिंग यांनी. ते लष्कराच्या छोट्या कृषक विमानात बसून वरून पाहत होते आणि रेडिओवर हंटरना दिशा देत होते. मदतीला वाळूत उमटलेले रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग होतेच. या कामाला ‘फॉरवर्ड एअर कंट्रोलर’ म्हणतात. फायटर कंट्रोलर (प्रश्न ६) पडद्यावर पाहतो, फॉरवर्ड एअर कंट्रोलर डोळ्यांनी पाहतो. शब्द जवळचे आहेत, कामं वेगळी.

१२. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला झाला, तो पकडलेल्या संदेशामुळेच का?

हो. गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरचं निवासस्थान. १४ डिसेंबर १९७१ला दुपारी तिथे उच्चस्तरीय बैठक आहे, हे पाकिस्तानी बिनतारी संदेश ऐकताना कळलं. वेळ इतका कमी होता की हल्ल्याला निघालेले वैमानिक विंग कमांडर बिश्नोई यांना लक्ष्य शोधायला पर्यटकांचा नकाशा मिळाला. ते गुवाहाटीला कॉकपिटमध्ये बसलेले असताना धावत आलेल्या अधिकाऱ्यानं चिठ्ठी दिली, की लक्ष्य सर्किट हाऊस नसून गव्हर्नमेंट हाऊस आहे. संदेश पकडला वायरलेसनं, पोचवला पायांनी.

१३. ‘ट्रोपो’ म्हणजे काय? बाबा नेहमी हा शब्द वापरायचे.

ट्रोपोस्कॅटर. उपग्रह आणि फायबर केबल येण्याआधी दूरच्या रडार केंद्रांना एकमेकांशी जोडण्याचा हा मार्ग. मोठाल्या अँटेना क्षितिजाकडे रोखून प्रचंड शक्तीनं लहरी सोडायच्या. वातावरणाच्या खालच्या थरात त्या विखुरतात आणि त्यातला अगदी नगण्य अंश क्षितिजापलीकडच्या अँटेनावर पडतो. तेवढा पुरतो. एका टप्प्यात दोन-तीनशे किलोमीटर पार होतात, मधे मनोरे लागत नाहीत.

१९६२च्या युद्धानंतर हवाई संरक्षणाची जमिनीवरची यंत्रणा किती तोकडी आहे ते उघड झालं. नोव्हेंबर १९६३मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश विमानांसह ‘शिक्षा’ नावाचा सराव झाला. पुढे जे. आर. डी. टाटा यांच्या अध्यक्षतेखाली हवाई संरक्षणावर समिती नेमली गेली. त्यानंतरच्या काळात रडारं आणि त्यांना जोडणारी ट्रोपोची साखळी वाढत गेली. ज्यांनी ती सांभाळली ते आजही जनरेटरच्या घरघरीबद्दल आणि पावसाळ्यात केबलमध्ये शिरणाऱ्या पाण्याबद्दल बोलतात.

ट्रोपोची जागा १४ सप्टेंबर २०१०ला ‘एएफनेट’नं घेतली. फायबरवर चालणाऱ्या या जाळ्याचं उद्घाटन तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी केलं. १९ डिसेंबर २०१८ला श्रीहरिकोटाहून जीसॅट-७ए उपग्रह गेला, वजन सुमारे २,२५० किलो. तो मुख्यतः वायुदलाच्या संदेशवहनासाठी आहे.

१४. आता सगळं संगणकावर आहे. मग माणसाची चूक होतच नसेल?

होते, आणि ती जीवघेणीही ठरते.

आजची यंत्रणा ‘आयएसीसीएस’ या नावानं ओळखली जाते. जमिनीवरची आणि हवेतली रडारं जे पाहतात ते एका चित्रात जोडून कंट्रोलरसमोर ठेवायचं, हे तिचं काम, आणि ती एएफनेटवर उभी आहे. २७ फेब्रुवारी २०१९ला पाकिस्तानी विमानं आली तेव्हा स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल कंट्रोलर म्हणून काम पाहत होत्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांना युद्ध सेवा पदक जाहीर झालं. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अभिनंदन वर्धमान यांना मागे वळण्याची दिलेली सूचना जॅमिंगमुळे (रेडिओत मुद्दाम आणलेल्या अडथळ्यामुळे) त्यांच्यापर्यंत पोचली नाही, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं.

त्याच सकाळी बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. विमान आपलं की परकं हे ओळखायला ‘आयएफएफ’ नावाची यंत्रणा असते. जमिनीवरून सांकेतिक विचारणा जाते आणि विमानातून तसंच उत्तर येतं. उत्तर आलं नाही तर? तेव्हा कुणीतरी फोन उचलून ‘हे आपलं आहे का’ असं विचारायचं असतं. १९४३ असो वा २०१९, तो प्रश्न विचारणारा माणूस लागतोच.

१५. वडील फायटर कंट्रोलर होते की वायरलेस ऑपरेटर, हे कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे अधिकारी की एअरमन. फायटर कंट्रोलर हे अधिकारी. अनेकांना आश्चर्य वाटतं, पण ते सिग्नल्सच्या नव्हे तर प्रशासन शाखेत मोडतात, हवाई वाहतूक नियंत्रकांसारखेच. रडार आणि रेडिओची देखभाल करणारे अभियंता अधिकारी ‘एरोनॉटिकल इंजिनिअरिंग (इलेक्ट्रॉनिक्स)’ शाखेचे. म्हणजे एकाच सिग्नल युनिटमध्ये पडद्यापुढचा अधिकारी एका शाखेचा आणि यंत्रामागचा दुसऱ्या.

एअरमन असतील तर सेवापुस्तकात ‘ट्रेड’ लिहिलेला असतो, तो पाहा. प्रशिक्षणाचं ठिकाण बंगळुरूचं जलाहळ्ळी असेल तर रेडिओ-रडारशी संबंध असण्याची शक्यता बरीच. वायुदलाचं टेक्निकल कॉलेज १९४९मध्ये तिथेच सुरू झालं आणि कम्युनिकेशन ट्रेडचं प्रशिक्षणही तिथेच होत आलं.

१६. युनिटचा इतिहास किंवा वडिलांच्या नोंदी मिळतील का?

एअरमनच्या सेवानोंदी दिल्लीतल्या सुब्रतो पार्क इथल्या वायुदल अभिलेख कार्यालयात असतात. सेवा क्रमांक, हुद्दा आणि निवृत्तीचं वर्ष हाताशी ठेवून जवळच्या नातेवाइकानं अर्ज करावा. युनिटच्या नोंदींचं तसं नाही. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयानं जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्ध आणि मोहिमांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायच्या आहेत. पण ‘साधारण’ हा शब्द लक्षात ठेवा. रडार आणि संकेतांशी संबंधित कागद सर्वात शेवटी बाहेर येतात.

१७. माझा भाऊ सध्या एका सिग्नल युनिटमध्ये आहे. त्या युनिटबद्दल लिहाल का?

नाही. आज चालू असलेल्या युनिटचं ठिकाण, उपकरणं, रेडिओवरचं नाव यातलं काहीही मी लिहीत नाही आणि तुम्हीही समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोसुद्धा नाही. गाडीच्या मागे दिसणारी अँटेना ओळखणारे लोक असतात.

जुन्या माणसांचं मात्र आजच लिहून घ्या. ‘युद्धात काय केलंत’ असं विचारलं की ही मंडळी ‘काही नाही, ड्यूटी केली’ म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा सेट कोणता होता, शिफ्ट किती तासांची होती, शेजारी कोण बसायचं, कुठल्या स्टेशनचा ऑपरेटर हाताच्या लयीवरून ओळखू यायचा, असं विचारा. मोर्स घेणारी माणसं एकमेकांना कधी न भेटता नुसत्या टिकटिकीवरून ओळखायची. हा विषय निघाला की ती बोलायला लागतात.